भाजीच्या पिशवीतला कोयता

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या बाईकडून लोकांना पाठलागाच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे त्या नाहीत. एवढ्या नोकरीत मी जीव मुठीत धरून धावले ती एकदाच, आणि तेव्हा मागे कुत्रं लागलं होतं. शेवटची नऊ वर्षं मी आमच्या पोलीस ठाण्याच्या बाल पथकात होते. तिथलं काम बसून करायचं. समोर बाक, बाकावर आई नाहीतर बाप, आणि त्यांना सांगायला जड जाणारं काहीतरी.

बाल पथक म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं. मुलाला कोठडीत टाकायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, त्याच्यासमोर वर्दीतही जायचं नाही, असा कायदा आहे. म्हणून मी कायम पंजाबी ड्रेसमध्ये. ठाण्यात नव्याने आलेली माणसं मला तक्रारदार समजून "तुमचं काय झालं हो?" असं विचारायची. कागदावर या मुलांना गुन्हेगार म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. हा शब्द न अडखळता लिहायला मला सहा महिने लागले. त्या बालकाच्या आईला तो वाचून दाखवायला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

आमच्या भागात मुलांकडे चाकूपेक्षा कोयता जास्त सापडतो. ऊसतोडीला वापरतात, शहाळी सोलायला वापरतात, तोच. वाढदिवसाला त्याने केक कापतात, व्हिडिओ काढतात, खाली 'भाई' लिहितात. या व्हिडिओवाल्यांची मला फार भीती वाटत नसे. मोबाइलमध्ये कोयत्याचा एकही फोटो नाही आणि गादीखाली कोयता आहे, अशा मुलाची वाटे. त्याने तो दाखवायला ठेवलेला नसतो.

आकुर्डी ते चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. म्हणून मी पालकांची बैठक गुरुवारी घ्यायचे, एका गणेश मंडळाच्या हॉलमध्ये. काय बघायचं ते सांगायचे. मुलगा उकाड्यातही जाडं जॅकेट काढत नाही. संडासला जाताना दप्तर बरोबर नेतो. नेहमीचा रस्ता सोडून लांबून घरी येतो. लोक ऐकायचे, माना डोलवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आमचा तसा नाही." मी म्हणायचे, "देव करो. पण आज गादी उचलून बघा."

हे सगळं मी आधीपासून शहाण्यासारखं करत होते, असं मात्र नाही. पथकात नवीन असताना आकुर्डीचा एक वॉचमन माझ्याकडे आला होता. सज्जन, हळू बोलणारा माणूस. मुलाच्या कपाटात कोयता सापडला म्हणाला. त्या दिवशी माझ्यासमोर चार प्रकरणं होती. मी मान वर न करता सांगितलं, "समज द्या. नाहीच ऐकलं तर दोन ठेवून द्या कानाखाली." त्याने तसंच केलं, आणि गल्लीतल्या सगळ्यांदेखत केलं. मुलगा त्याच संध्याकाळी घर सोडून ज्यांच्या जिवावर उड्या मारत होता त्यांच्याकडे जाऊन राहिला. महिन्याच्या आत एक मुलगा दवाखान्यात होता, पोटाला टाके, आणि वॉचमनचा मुलगा निरीक्षणगृहात. बाप मला भेटायला आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

त्यानंतर बाकावर बसलेल्या माणसाशी बोलताना मी मान वर ठेवायला शिकले.

सुमन आली ती एका मंगळवारी, साडेबाराच्या सुमारास. चाळिशीच्या आतली बाई, तळवड्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होती. कामावरून अर्धा दिवस मागून आली होती. हातात भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. तिने जुडी बाजूला काढली, खाली टॉवेलची गुंडाळी होती. ती माझ्या टेबलावर ठेवली आणि हात लगेच मागे घेतला, जणू तिला चटका बसला.

"दिवाणात होता ओ," ती म्हणाली. "पांघरुणं उन्हाला टाकावीत म्हणून झाकण उघडलं, तर हा."

टॉवेलात कोयता होता. नवा कोरा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. घाम आलेल्या हातातून सटकू नये म्हणून तशी गुंडाळतात.

तिचा मुलगा ओंकार. सोळा पूर्ण, आयटीआयला पहिल्या वर्षाला. एकुलता एक. नवरा दत्ता महाळुंग्याला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. मूळ गाव उदगीरकडचं.

"लेकरू माझं असलं न्हाई, मॅडम. कुणाला तरी भ्यायलाय तो. पंधरा दिवस झाले, जेवायला बसला की दाराकडं तोंड करून बसतो."

"हे त्याच्या वडिलांना माहीत आहे?"

ती दचकली. "न्हाई! ते फार रागीट हाएत. त्यांना कळलं तर जित्ता ठेवणार न्हाईत त्याला."

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब फार बोलत नसत. त्यांनी कोयता बघितला, ट्यूब बघितली. मुलांच्या बाबतीत मोठा गुन्हा नसेल तर थेट एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, पालकांना बोलवायचं, मुलाच्या घरची परिस्थिती लिहायची. ते म्हणाले, "हत्यार जमा करून घ्या. मुलगा आज माझ्यासमोर पाहिजे, आई-बापासकट. उद्या नको."

मी परत जागेवर येते तोच सुमनचा फोन वाजला. स्क्रीनवर ओंकारचं नाव. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या. स्पीकरवर टाका. आणि खोटं बोलू नका."

"आई, दिवाण तू उघडलीस?"

"हो."

"माझी वस्तू कुठंय?"

मी कागदावर लिहिलं, 'माझ्याजवळ आहे.' तिने तेवढंच वाचून दाखवलं.

पलीकडून तो म्हणाला, "आई, तू मला मारायलीस. तुला कळंना का? सहाला येणारेत ते." आणि फोन बंद झाला. परत लावला तर लागेना.

सहाला. कोण येणार, कुठे येणार, काही माहीत नव्हतं. घड्याळात दीड वाजत आला होता. आयटीआयमध्ये फोन केला, ओंकार सकाळपासून आलाच नव्हता. एक शिपाई मी सुमनच्या वस्तीकडे पाठवला. घराला कुलूप. आजूबाजूचं मैदान, चहाची टपरी, कुठेच तो नव्हता.

आता दत्ताला सांगणं भाग होतं. दोन-तीन शिफ्टच्या वस्तीत बातमी कशी पोहोचते ते मला माहीत होतं. कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी म्हणणार, 'दत्ताभाऊ, तुमच्या घरी पोलीस आले होते.' मग तो माणूस घरी जाईल तो थेट पट्टा काढूनच. आकुर्डीचा वॉचमन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दत्ताच्या कारखान्यात लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात. तो पहिल्या शिफ्टला होता, ती साडेतीनला सुटते. मी सुमनला घेतलं, आमचा एक हवालदार त्याची स्वतःची गाडी चालवायला, आणि आम्ही महाळुंग्याच्या रस्त्याला लागलो. रस्ताभर कंटेनरमागे कंटेनर. गाडी दहा मिनिटं एका जागी उभी राहायची. सुमन पिशवीतल्या मेथीचं एकेक पान तोडत बसली होती. निवडत नव्हती, नुसतं तोडत होती.

गेटवर पोहोचलो तेव्हा भोंगा होऊन गेला होता. माणसांचा लोंढा बसकडे चालला होता. सगळ्यांचे निळे शर्ट एकसारखे. सुमननेच त्याला ओळखलं, चालीवरून. उंच, हडकुळा माणूस. बायकोला तिथे बघून तो थबकला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं. गावाकडून काही आलं असं त्याला वाटलं.

मी त्याला गाडीत बसवून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या जबड्याची हाडं हलायला लागली.

"कुठंय तो? आज त्याला ठेवतच न्हाई मी."

"दत्ताभाऊ, एक मिनिट," मी म्हटलं. आणि त्याला वॉचमनची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, पण बाकी काही लपवलं नाही. मी काय बोलले होते, तेही. पोलीसबाई स्वतःची चूक सांगतेय हे त्याला नवीन असावं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आता मला सांगा," मी म्हटलं, "ओंकारला कुणी मारलं होतं का? आधी कधी?"

दत्ता खिडकीकडे वळला. गाडी निघाली. निघोज्याच्या पुढे पुन्हा अडकलो. पुढे ट्रकचा हॉर्न, मागे ट्रकचा हॉर्न. मग तो खिडकीबाहेर बघतच बोलायला लागला.

"दोन महिने झाले. शर्ट फाटलेला, तोंड सुजलेलं, असा आला. चार पोरांनी धरून मारलं मनला. मी नाइट करून आलो होतो, झोपलो होतो. मला राग आला. मी मनलं..." तो थांबला.

"काय म्हणालात?"

"मनलं, मार खाऊन घरी येत जाऊ नकोस. परत मार खाऊन आलास तर दार उघडणार न्हाई."

सुमनने तोडणं थांबवलं. तिला हे माहीत नव्हतं. "असं बोललात तुम्ही त्याला?" एवढंच ती म्हणाली.

वस्तीत पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. त्यांची घरमालकीण इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी. सत्तरीची बाई, दारातच शेंगा फोडत बसली होती. आमचा शिपाई मघाशी आला तेव्हा तिने त्याला 'न्हाई बघितला' म्हणून वाटेला लावलं होतं. मला बघून तिने विचारलं, "तू पोलीस हायस का त्याची मावशी?"

"दोन्ही समजा, आजी. कुठे गेलाय?"

"त्याला धरून नेनार न्हाई ना?"

"आई-बापाला बरोबर आणलंय मी."

तिने दत्ताकडे एकदा नीट बघितलं, मग म्हणाली, "ग्यारेजात गेलाय, रफिकच्या. दुपारीच गेला. पाठीवर दप्तर व्हतं, पर तोंड बगवत नव्हतं पोराचं."

रफिकभाईचं गॅरेज तळवड्याच्या रस्त्याला, दुचाक्यांचं. ओंकार सुट्टीच्या दिवशी तिथे काम शिकायला बसायचा. आम्ही गाडी अलीकडेच लावली. रफिकभाई रस्त्याच्या कडेला उभेच होते, हातात फडकं. मी ओळख सांगितली तसे हळू आवाजात म्हणाले, "अच्छा हुआ, मॅडम. मी कधीचा विचार करतोय, कुणाला बोलवू. बच्चा दुपारी ट्रकच्या कमानीच्या लोखंडी पाट्याचा तुकडा घेऊन आला. बोलतो, चाचा, ग्राइंडरवर धार लावायची. मी बोललो, लाईट गेली. मेन स्विच मीच पाडला. तेव्हापासून लाईट यायची वाट बघत बसलाय. मी पण बिनालाईटचा धंदा करतोय."

आत अंधारं होतं. ओंकार एका टायरवर बसून कार्बुरेटर पुसत होता. रफिकभाईंनी त्याला हातात काम दिलं होतं. बारीक मुलगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. उकडत असून जॅकेट गळ्यापर्यंत बंद. बापाला दारात बघितलं आणि तो ताडकन उठला. हाताशी एक पाना होता, तो त्याने उचलला. मारायला उचलला असं मला नाही वाटलं. पण उचलला.

दत्ता पुढे झाला. मी त्याच्या दंडाला धरलं. माझ्या मागे हवालदार तयार उभा होता, सुमन तोंडावर पदर धरून. मुलाच्या मागे भिंत होती आणि पुढे आम्ही. असा अडकलेला मुलगा काय करेल, त्याचा नेम नसतो. मी हवालदाराला हातानेच मागे जायला सांगितलं. रस्त्याकडची बाजू मोकळी केली.

"दत्ताभाऊ," मी हळूच म्हटलं, "खाली बसा."

तो बसला. कामावरच्या स्वच्छ गणवेशात, ऑइलच्या डबक्याशेजारी, सरळ जमिनीवर. आता मुलगा उंच होता आणि बाप खाली.

"ओंकार," दत्ता म्हणाला. "मी बोललो ते चुकलं रे. झोपेत होतो, रागात होतो. तू मार खाऊन ये, रडत ये, कसा बी ये. दार उघडं हाय. मी ड्युटीवर असलो तर आई उघडंल."

ओंकारने पाना खाली केला नाही. त्याने बापाचं बोलणं ऐकलं होतं, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि सहाला?"

मला तो प्रश्न आजही आठवतो. आम्ही मोठी माणसं मायेचं बोलून मोकळी होतो. विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, त्या पोरांनी त्याला नदीकडच्या मैदानावर बोलावलं होतं, नाही आलास तर घरी येऊ म्हणाले होते. घड्याळात सव्वापाच झाले होते.

"सहाला तिथे मी जाते," मी म्हटलं. "तू नाही. कोण आहेत ते, नावं सांग."

"नावं सांगितली तर सोडणार नाहीत."

"न सांगता सोडतायत का?"

रफिकभाई मागून म्हणाले, "बेटा, पाना ठेव. तो चौदा नंबरचा आहे, मला लागतो." काय सुचलं त्यांना कोण जाणे. ओंकारने पान्याकडे बघितलं, खरंच चौदाचाच आहे का ते, आणि तो बाकड्यावर ठेवून दिला. मग भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागला. त्याने चार नावं सांगितली. भांडण कशावरून होतं? वर्गातल्या एकाच्या फोटोखाली त्याने हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. एवढंच.

सहा वाजता मी साध्या वेशातल्या दोन हवालदारांना घेऊन मैदानावर गेले. चौघं आले होते. त्यांतला एकच अठराच्या वर. स्कूटरच्या सीटखाली दोन कोयते होते. ओंकार एकटा, हातात धार लावलेला पाट्याचा तुकडा घेऊन तिथे आला असता तर काय झालं असतं, हे मी अहवालात लिहिलं नाही. अहवालात झालेलंच लिहितात. त्यातल्या तीन मुलांच्या आया रात्री ठाण्यात माझ्यासमोर बसल्या होत्या. एक म्हणाली, "माझा तसा नाही हो मॅडम." सापडलेल्या दोन कोयत्यांपैकी एक तिच्याच मुलाचा होता. मी तिला पाणी दिलं. रागावले नाही. तिच्याही दारावर कुणीतरी आधी जायला हवं होतं.

ओंकारला त्या रात्री साहेबांसमोर उभं केलं, नोंद झाली, समज देऊन आई-बापाच्या ताब्यात दिलं. दत्ताने सुपरवायझरच्या मागे लागून दोन महिने नाइट बंद करून घेतली आणि मुलाला स्वतः आयटीआयच्या गेटपर्यंत सोडायला लागला. सोळा वर्षांच्या मुलाला त्याची लाज वाटायची, म्हणून गेटच्या अलीकडच्या वळणावर थांबायचा. सगळं छान झालं असं नाही. ओंकारचा एक विषय राहिला, वर्ष गेलं. त्या चौघांपैकी दोघं पुढे सुधारले, एक आणखी वाकडा गेला, चौथ्याचं कुटुंब वस्ती सोडून गेलं, पुढचं मला माहीत नाही. ओंकार आता चाकणला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलाय, असं सुमन सांगते.

तेव्हा मात्र हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्या मंगळवारनंतर पाचएक आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी डायरी बंद करत होते, तेव्हा सुमनचा फोन आला. ती रडत होती. मला काही कळेना, मी उठून उभीच राहिले.

"मॅडम, मारलं ओ त्याला! त्याच पोरांनी, चौकात गाठून. ओठ फाटलाय, शर्ट सगळा रक्तानं भरलाय."

"त्याने काही केलं का? त्याच्याकडे काही होतं का?"

"न्हाई! काहीच नव्हतं. मार खाल्ला आणि पळत घरी आला, मॅडम. घरी आला ओ!"

मागे दत्ताचा आवाज येत होता, मुलाला काहीतरी सांगत होता. मग त्याने फोन घेतला. "मॅडम, दवाखान्यात न्यायलोय. एक-दोन टाके पडतील बहुतेक."

मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगून कागद नीट करून घ्या. तक्रार घेऊ आपण. मी येतेच."

"या," तो म्हणाला. मग फोन ठेवायच्या आधी, दुसऱ्याच कुणाला तरी सांगावं तसं, पुन्हा म्हणाला, "दार मीच उघडलं."